टिम रिव्हरचं ठरतंय एकदाचं

सप्टेंबरमध्ये कॅनडातल्या अल्गॉनक्विन पार्कात टिम रिव्हरवरून कनूने (वल्ह्यांच्या छोट्या होडीने) रोझबेरी लेकला जायचं ठरतंय, मे-जूनमध्ये काळ्या माश्या नुसत्या फोडून काढतात त्यामुळे तेव्हाचा विषयच नाही. बुकिंग पाच महिने आधी उघडतं आणि ते लेकचं असतं, साईटचं (तंबू ठोकायच्या जागेचं) नाही, म्हणजे नारिंगी पाटीवाली जी जागा रिकामी दिसेल ती आपली, म्हणून सकाळी लवकर निघायला हवं. नदी संथ, पण इतकी नागमोडी की नकाशावरचं सरळ अंतर विसरा, काठाला आल्डरची झुडपं, मधेच बीव्हरचा (झाडं कुरतडून बांध घालणारा प्राणी) बांध आला की उतरा आणि कनू वरून ओढा. मूस (भलंमोठं हरीण) दिसायचे चान्सेस मात्र भारी.

खाण्यावरून घरात वाद चालूच आहे. टिनचे डबे, काचेच्या बाटल्या आत न्यायला बंदी, मग लोणचं झिपलॉकमध्ये, मेतकूट, तांदूळ, थालीपिठाची भाजणी, बास! रात्री खाण्याची पिशवी झाडाला टांगायची, जमिनीपासून ४ मीटर वर आणि खोडापासून २ मीटर लांब, अस्वलं आहेत बाबा. नवरा म्हणतो साजूक तूपही घेऊ. कुणी येतंय का सोबत? एका साईटवर ९ जण चालतात.