होल्ड बिलं आणि नवी जार

दादरच्या एका किराणा दुकानात आमचं जावातलं बिलिंग चालतं. गिऱ्हाईक काही आणायला परत आत गेलं की कॅशियर बिल ‘होल्ड’ करतो. दुकान बंद होताना उरलेली होल्ड बिलं ऑब्जेक्टआउटपुटस्ट्रीमने (जावातले ऑब्जेक्ट बाइट करून लिहिणाऱ्या सोयीने) फाइलमध्ये उतरतात. रात्री नवी जार (जावा प्रोग्रामची बांधलेली फाइल) टाकली आणि सकाळी मॅनेजरचा फोन आला, “सर, कालची होल्ड बिलं दिसतच नाहीत.”

आधी ॲप बंद करायला लावलं आणि फाइलची कॉपी काढून घेतली. कारण वाचताना एक्सेप्शन, म्हणजे चूक, आलं की ते पकडणारा आमचा कॅच ब्लॉक गुपचूप रिकामी लिस्ट बनवत होता. रात्री तीच लिस्ट जुन्या फाइलवर लिहिली गेली असती. असा कॅच लिहिण्यापेक्षा ॲप क्रॅश झालेलं बरं.

फाइलच्या सुरुवातीचे बाइट, म्हणजे अशा जावा फाइलची खूण, एसी ईडी ०० ०५ असे बरोबर होते. लॉगमध्ये इनव्हॅलिडक्लासएक्सेप्शन होतं आणि त्यात दोन सिरियलव्हर्जनयूआयडी, म्हणजे क्लासच्या (बिलाच्या कोडमधल्या साच्याच्या) आवृत्तीचे आकडे: एक फाइलमधला, दुसरा नव्या क्लासचा. हा आकडा क्लासमध्ये लिहिलेला नसेल तर जावा तो स्वतः काढतं आणि त्यासाठी फील्डबरोबर प्रायव्हेट नसलेल्या मेथडही धरतं. म्हणजे डेटाला हात न लावता एक पब्लिक मेथड वाढवली तरी आकडा बदलतो. फाइलमधला आकडा उचलून नव्या क्लासमध्ये प्रायव्हेट स्टॅटिक फायनल लाँग म्हणून टाकला. जुनी जार हाताशी असेल तर सिरियलव्हर कमांडही तोच आकडा देते.

बिलं उघडली, पण ‘टोटल’ दाबताच नलपॉइंटर, म्हणजे रिकामं (नल) फील्ड वापरल्याची चूक. खरी मेख इथे आहे. ऑब्जेक्ट परत उभा करताना जावा सिरियलायझेबल (फाइलमध्ये उतरवता येणाऱ्या) क्लासचा कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट बनवणारा कोड, चालवत नाही, फील्डसमोर लिहिलेली सुरुवातीची किंमतही भरत नाही. सवलतीचं नवं फील्ड कोडमध्ये बिगडेसिमल झीरो, म्हणजे शून्य, होतं. जुन्या फाइलमध्ये ते नव्हतंच, म्हणून नल आलं. प्रिंटरची जोडणी ट्रान्झिएंट (फाइलमध्ये न लिहिली जाणारी), तीही नल. प्रायव्हेट रीडऑब्जेक्ट (वाचताना जावा बोलावतं ती मेथड) लिहून आत आधी नेहमीचं वाचन करणारं डिफॉल्टरीडऑब्जेक्ट बोलावलं, मग सवलत नल असेल तर शून्य भरलं आणि प्रिंटर पुन्हा जोडला. सवलतीवरचं फायनल मात्र काढावं लागलं, कारण रीडऑब्जेक्टमध्ये फायनल फील्डला साधी किंमत देता येत नाही.

त्याच पॅचमध्ये सेव्हही सुधारलं: आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायचं, मग ॲटॉमिक मूव्हने (अर्धवट न राहता एका झटक्यात) जुन्या फाइलच्या जागी आणायचं. दर वेळी नवी स्ट्रीम उघडायची. एकच स्ट्रीम उघडी ठेवून तेच बिल दुसऱ्यांदा लिहिलं तर ती नुसता आधीच्या नोंदीचा संदर्भ टाकते. तूरडाळ दोन किलोची पाच केली तरी वाचताना दोनच मिळते. स्ट्रीम उघडी ठेवायचीच असेल तर आधीच्या नोंदी विसरायला लावणारं रीसेट मध्ये हवं.

आता प्रत्येक रिलीजने सेव्ह केलेली एक फाइल रेपोमध्ये (कोडच्या साठ्यात) राहते. बिल्ड ती नव्या क्लासने उघडतं, टोटल काढतं आणि रक्कम जुळली नाही तर जार बनतच नाही.