पासष्ट रुपये आणि एक लाख

गेल्या पावसाळ्यात वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि दीड महिना त्यांना घराबाहेर पडता येणार नव्हते, म्हणून रात्रीच्या जेवणानंतर एक जुना चित्रपट पाहण्याचा परिपाठ आमच्या घरी सुरू झाला. निवड अर्थातच त्यांची असे. माझी नोकरी पतसंस्थांचे हिशेब तपासण्याची, आणि चित्रपटाची जाण म्हणाल तर आवडला किंवा नाही आवडला, एवढीच. तेव्हा पुढील मतांना कोणी समीक्षा समजू नये.

पहिल्याच रात्री ‘प्यासा’ (१९५७) लागला आणि पहिल्याच रात्री आमचे वाजले. साहिर यांचे शब्द, सचिनदेव बर्मन यांच्या चाली आणि व्ही. के. मूर्ती यांनी टिपलेला छायाप्रकाश यांबद्दल माझी तिळमात्र तक्रार नाही. सभागृहाच्या दारात हात पसरून उभा राहिलेला गुरुदत्त मलाही विसरता येणार नाही. पण त्याने रंगवलेला कवी विजय हा माणूस काही केल्या मला सोसवेना. भावांनी त्याच्या कवितांचे कागद रद्दीत विकले हे वाईटच झाले, तरीही या घरात महिन्याचा किराणा कोण भरत असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. त्यापेक्षा जॉनी वॉकरचा तेलमालिशवाला अब्दुल सत्तार मला अधिक जिवंत वाटला, कारण तो गाणे म्हणताना गिऱ्हाईकही शोधत असतो. हे मी बोलून दाखवले तेव्हा वडील म्हणाले, “तुला प्रत्येक गोष्टीची पावती लागते, त्याला आम्ही काय करणार?”

त्यांचे म्हणणे खरे आहे. पुढे ‘दो बीघा जमीन’ (१९५३) पाहताना मी पहिल्या वीस मिनिटांतच पलंगाच्या कडेला सरकून बसलो, आणि त्याचे कारण एक आकडा होते. शंभू महतोच्या समजुतीप्रमाणे त्याच्याकडे जमीनदाराचे ६५ रुपये निघतात, म्हणून तो घरातले किडूकमिडूक विकून तेवढी रक्कम उभी करतो. जमीनदाराच्या वहीत मात्र २३५ रुपये मांडलेले असतात. ही १७० रुपयांची तफावत पाहून माझ्या पोटात जे झाले, ते विजयच्या कुठल्याही कवितेने झाले नव्हते. शंभूजवळ लेखी काही नाही, लेखी जे आहे ते सगळे समोरच्याकडे आहे, आणि न्यायालयात लेखीच चालते. पुढे कलकत्त्यात तो माणसांची रिक्षा ओढतो. त्यातील एक प्रसंग मी पुन्हा मागे नेऊन पाहिला. रिक्षातला गिऱ्हाईक पुढची गाडी गाठण्यासाठी भाडे वाढवत जातो, शंभू प्रत्येक वाढीव रुपयासाठी आणखी जोरात धावतो, आणि शेवटी चाकच निखळते. बलराज साहनी यांनी या भूमिकेसाठी कलकत्त्यात खरोखर रिक्षा ओढून पाहिली होती, आणि त्यांच्या पायांकडे पाहिले की ते पटते.

‘मदर इंडिया’ (१९५७) मला अर्धाच आवडला, हे सांगताना जीभ चाचरते. सासूने लग्नासाठी काढलेले ५०० रुपयांचे कर्ज, पिकाचा तीन चतुर्थांश भाग व्याजापोटी देण्याचा पंचांचा निवाडा, आणि म्हणून कधीच न हलणारे मुद्दल, हे सारे इतके नेमके मांडले आहे की आमच्या प्रशिक्षणवर्गात दाखवावे. कन्हैयालाल यांचा सावकार सुखीलाला तर मी प्रत्यक्षात भेटलेला वाटला, फक्त हल्ली तो सफारी घालतो. हीच भूमिका त्यांनी दिग्दर्शक मेहबूब यांच्याच १९४० सालच्या ‘औरत’मध्ये केली होती, म्हणजे सतरा वर्षांनीही लाला तोच होता. मात्र धाकटा मुलगा बिरजू बंदूक घेऊन आला आणि त्याची आई राधा माणूस राहण्याऐवजी पुतळा होऊ लागली, तेव्हापासून मी घड्याळाकडे पाहू लागलो.

‘मुघल-ए-आझम’विषयी (१९६०) थोडक्यात सांगतो: शीशमहालापेक्षा, आणि सगळ्या हत्तीघोड्यांपेक्षा, बडे गुलाम अली खाँ यांचे स्वर चालू असताना सलीम अनारकलीच्या चेहऱ्यावरून पीस फिरवतो तेवढाच भाग मला पुन्हा पाहावासा वाटतो. युद्धाच्या वेळी मी चहा टाकायला उठलो होतो.

शेवटच्या आठवड्यात वडिलांनी ‘लाखाची गोष्ट’ (१९५२) लावला आणि मी मनोमन शरण गेलो. राजा परांजपे यांचे दिग्दर्शन, ग. दि. माडगूळकर यांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत. आणि लेकीचा हात मागायला आलेल्या तरुणाला श्रीमंत बापाने घातलेली अट कोणती, तर महिन्याभरात एक लाख रुपये खर्च करून दाखवायचे. ना पुतळा, ना दरबार, ना जगाला दूषणे. पैसे संपवता संपवता राजा गोसावींची जी दमछाक होते, ती पाहून वडील टाक्यांवर हात ठेवून हसत होते.

मी सवयीने हिशेब केला. तीस दिवसांत एक लाख म्हणजे दिवसाला ३,३३३ रुपये. आमचे आजोबा त्या वर्षी प्राथमिक शिक्षक होते आणि वडिलांच्या आठवणीप्रमाणे त्यांना दरमहा ८० रुपये मिळत. म्हणजे शंभूचे २३५ रुपये हा त्यांचा जवळजवळ तीन महिन्यांचा पगार झाला, आणि न्यायालयाने शंभूला मुदतही तीन महिन्यांचीच दिली होती. लाखभर रुपये मिळवायला आजोबांना १०४ वर्षे आणि दोन महिने लागले असते. वडिलांनी तो आकडा मला दोनदा म्हणायला लावला, मग रिमोट मागून घेतला आणि चित्रपट पुन्हा पहिल्यापासून लावला.