सात नंबरच्या डोक्यातली खुंटी

जुन्या मोंढ्याजवळ माझं काटे दुरुस्तीचं दुकान आहे. तुरीची आवक जोरात होती, पासिंगला, म्हणजे सरकारी तपासणी-शिक्क्यासाठी, आलेले शंभर किलोचे काटे दारापर्यंत लागलेले. त्या गर्दीत एक निवृत्त साहेब आले आणि टेबलावर फडकं सोडलं. आत पोलादाची पाच पाती. गोल्फच्या काठीची डोकी म्हणे, पाच ते नऊ नंबर. प्रत्येकावर मार्करने वजन लिहिलेलं.

"ग्राइंडर आहे ना? सात नंबरचे तीन अन् नऊ नंबरचे दोन ग्रॅम घासून द्या."

जुना सेट घेऊन त्यांनी दांड्या स्वतःच काढल्या होत्या, नव्या बसवायच्या होत्या. हिशोब त्यांनीच समजावला. नंबर वाढला की काठी अर्धा इंच आखूड होते, म्हणून डोकं साधारण सात ग्रॅमने जड करतात. मला कुऱ्हाड आठवली. दांडा आखूड केला की झोक मरतो, मग पातं जड घ्यावं लागतं. गोल्फवाले हा झोक खास काट्यावर मोजतात. मुठीच्या टोकापासून १४ इंचांवर काठी टेकवतात अन् डी-१, डी-२ असा अंक वाचतात. डोक्यात दोन ग्रॅम वाढले की अंक एकाने सरकतो.

"मोजलं कशावर?"

त्यांनी पिशवीतून स्वयंपाकघरातला काटा काढला. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, काचेचा, दिसायला झकास. मी माझं प्रमाणित २०० ग्रॅमचं वजन मधोमध ठेवलं. २००. कोपऱ्यात सरकवलं. २०२. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. डोकं काही डब्यासारखं सरळ बसत नाही, त्याची दांडी बसवायची नळी एका बाजूला झुकते, भार कोपऱ्यात जातो. शिवाय एक ग्रॅमच्या काट्यावर २७०.४ चे २७० दिसतात आणि २७६.६ चे २७७. खरा फरक ६.२, दिसतो सात. घासलेलं पोलाद परत चिकटवता येत नाही, एवढंच मी म्हणालो.

"मग सराफाचाच काटा द्या, शून्य पूर्णांक शून्य एकवाला."

ही सगळ्यांचीच हौस. जितके आकडे जास्त तितका काटा खरा, असं लोकांना वाटतं. बारीक दाखवणं वेगळं, बरोबर दाखवणं वेगळं. दुरुस्तीला आलेला ३०० ग्रॅमचा सराफी काटा मी लावून दाखवला. पंख्याच्या वाऱ्यानं शेवटचा आकडा नाचायला लागला. भाचा म्हणाला, "मामा, पंखा बंद करू का?" उन्हाळ्यात इथं पंखा बंद करून कोण काठ्या जोडणार? अन् साहेबांनी सोबत आणलेली अख्खी काठी ठेवली तर काट्यानं हातच वर केले, तिचं वजन चारशेच्या पुढं.

शेवटी एक किलोचा, ०.१ ग्रॅमचा काटा काढला. बुडबुडा बघून पाय समतल केले, दहा मिनिटं गरम होऊ दिला, मापानं तपासला. मधोमध वाटी ठेवून शून्य केलं आणि डोकी एकेक करून वाटीत टाकली. २५६.२, २६३.३, २७२.९, २७७.१, २८४.२.

नऊ नंबर अगदी जागेवर. ते आम्ही घासून टाकणार होतो! सात नंबर मात्र खरंच जवळजवळ पावणेतीन ग्रॅमनं जड.

ग्राइंडरला हात लावण्याआधी मी नळीत टॉर्च मारला. बाकीच्या चार साफ, सात नंबरच्या तळाशी काहीतरी काळं. हीट गननं तापवून पोगरानं टोकरलं, तर जळक्या गोंदाबरोबर छोटी पितळी खुंटी बाहेर आली. साहेब हसायलाच लागले. आधीच्या कुणी कारागिरानं झोक जुळवायला दांडीच्या टोकात घातलेली असणार, दांडी निघाली आणि ही आतच राहिली. नळी पुसून डोकं पुन्हा ठेवलं. २७०.२. खुंटी आणि गोंदाचे तुकडे वाटीत टाकले, २.७.

काटा त्यांनी घेतला, सोबत २०० ग्रॅमचं एक वजनही. ते बोटांनी धरू नका, घाम लागतो, फडक्यानं उचला, असं बजावलं. सराफी काट्यापेक्षा हा स्वस्त, म्हणून भाचा दिवसभर धुसफुसत होता.

जाताना त्यांनी काचेचा काटा माझ्यापुढं सरकवला. "ह्याचं काय करू?"

"घरी न्या," मी म्हटलं, "रव्याच्या लाडवाला चालतो."