१०० चा पार्ट, १०१ चा पॅटर्न

परवा आमच्या बेळगावच्या उद्यमबागला, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, गाडी स्टँडवर लावताना सहज हिशेब केला, नोकरी सोडून सहा वर्षं झाली. त्यातली पहिली तीन वर्षं मी भेटेल त्याला सांगत सुटलेलो की आपला स्वतःचा बिझनेस आहे, कार्डंसुद्धा छापून घेतलेली, चांगल्या जाड कागदावर. तो बिझनेस वगैरे काही नव्हता हो. ती बिनहजेरीची नोकरी होती, फक्त साहेब एक नव्हता, नऊ होते, आणि नऊच्या नऊ रविवारी फोन करायचे.

मी कॅडचं, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं काम करतो. फाउंड्रीवाल्यांना, म्हणजे लोखंड ओतणाऱ्यांना, कास्टिंगची (ओतलेल्या पार्टची) ड्रॉइंग, थ्रीडी मॉडेल, पॅटर्नची (ज्याच्यावरनं मातीत साचा घेतात त्या नमुन्याची) ड्रॉइंग असलं सगळं. कधी कोण तुटलेला पार्टच पिशवीतनं आणून टेबलावर ठेवतो, 'सेम असाच पायजे' म्हणतो, मग व्हर्नियर घेऊन मापं काढत बसायचं. गिऱ्हाइकं बहुतेक उद्यमबागची, मच्छेची, आणि दोन-तीन कोल्हापूरकडची, शिरोली आणि गोकुळ शिरगावची.

घर आमचं वडगावात. आजोबांचा माग होता. सूत सावकाराचं, डिझाइन सावकाराचं, आपण साडी विणायची आणि नगावर मजुरी घ्यायची. सावकारानं चार दिवस सूत दिलं नाही तर चार दिवस माग बंद, चूल मात्र चालूच. मी नोकरी सोडली तेव्हा घरी छाती फुगवून सांगितलं की आता मी कुणाच्या हाताखाली नाही, एका ड्रॉइंगला साडेचारशे मिळतात. आई भाजी निवडत होती, वर न बघताच म्हणाली, "म्हणजे नगावरच की." मला इतका राग आला तेव्हा की दोन दिवस धड बोललो नाही. आता वाटतं, एवढं बरोबर तर माझ्या सीएनं पण कधी सांगितलं नाही.

मग व्हायचं तेच झालं. एका पार्टीचं चार महिने काम केलं, नाव कशाला घेऊ, लिखापढी काही नाही, पीओ (लेखी ऑर्डर) नाही, व्हॉट्सॲपवर 'ओके, पाठवा' एवढंच. अडुसष्ट हजार अडकले. फोन केला की साहेब गोव्याला, साहेब मीटिंगमध्ये, साहेबांच्या घरी पूजा. आणि मी काय करत होतो, तर नवीन काम आलं की ते पण करून देत होतो, कारण नाही म्हटलं तर जुने पैसे बुडतील ही भीती. शेवटी निम्मे आले, उरलेल्यांचा नाद सोडला. दोष त्यांचा होताच, खरं माझा पण होता, उधारीची वही ठेवायचीच नाही आणि मग गिऱ्हाईक वाईट म्हणून गावभर सांगत फिरायचं.

त्या दिवसांत पॅटर्नवाल्या मिस्त्रीकाकांकडे बसायला जायचो. त्यांचं शेड म्हणजे बाराबाय-वीसचं, सगळीकडे सागवानाचा भुसा, भिंतीला टांगलेले जुने पॅटर्न, लाल-पिवळे रंग दिलेले. शाळा फार नाही, खरं धंदा असा की मी बघतच राहायचो. निम्मे पैसे हातात आल्याशिवाय लाकडाला करवत लावणार नाहीत. गिऱ्हाइकानं नंतर बदल सांगितला तर 'करतो की' म्हणायचे आणि वहीत वेगळी ओळ, त्याचा रेट वेगळा. दुपारी एक ते दोन फोन उचलायचा नाही, मग कुणीही असो. मी आपला रात्री अकराला 'जस्ट एक छोटासा चेंज' म्हणून आलेलं काम फुकटात करणारा माणूस.

एकदा माझं रडगाणं ऐकून त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही, नुसतं विचारलं, "गेल्या महिन्यात किती दिवस बसून हुतास?"

म्हटलं नऊ-दहा दिवस काम नव्हतं, एक-दोन दिवस पैशासाठी फिरण्यात गेले.

"ते दिवस कोण देणार? तू साइज किती ठेवालास, फायनल?" मग भिंतीवरचा एक पॅटर्न काढून माझ्या पुढ्यात ठेवला. "१०० चा पार्ट पायजे तर पॅटर्न १०० चा करतोस काय गा?"

आता हे मलाच विचारायचं म्हणजे कमाल. रोजचं काम ते माझं. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, साधारण शंभराला एक, म्हणून पॅटर्न १०१ चा करायचा. पुढं मशिनिंग असेल तर दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिलीमीटर अजून धरायचे, मातीतून पॅटर्न न मोडता निघावा म्हणून कडांना थोडा उतार द्यायचा. मिस्त्र्यांची मोजपट्टी सुद्धा वेगळी असते, तिच्यावरचे आकडे मुळातच जरा ताणलेले. फाउंड्रीतला शेंबडा अप्रेंटिस पण अलाउन्स, म्हणजे हे वाढीव माप, न धरता ड्रॉइंग सोडत नाही. आणि मी स्वतःचा रेट मात्र फायनल साइजला लावलेला, आकसायला जागाच नाही.

त्या रात्री बसलो वही घेऊन. घरात द्यायला आणि मला खर्चायला महिना ३०,०००. सॉफ्टवेअर, इंटरनेट, इन्व्हर्टरची बॅटरी (करंट गेलं की रेंडरिंग बोंबललं), पेट्रोल, सीएची फी, दर चार वर्षांनी लॅपटॉप बदलायचाच आहे म्हणून त्याचे थोडे, असे ९,०००. टॅक्स आणि मेडिकलचा हप्ता ५,०००. आणि बसून राहायच्या दिवसांसाठी बाजूला ६,०००. झाले ५०,०००. मी भागायचो २५ दिवसांनी, म्हणजे दिवसाला २,०००, आणि स्वतःवर खूश व्हायचो. खरंतर बिल होण्यासारखे दिवस मागच्या वर्षभरात महिन्याला सरासरी १४ निघाले. पन्नास हजार भागिले चौदा, साडेतीन हजाराच्या वर. म्हणजे मी रोज दीड हजार पदरचे घालून लोकांची ड्रॉइंग करत होतो आणि वर त्यांना थँक्यू म्हणत होतो.

रेट एकदम वाढवायची छाती नव्हती, हे पण सांगतो. जुन्यांना हळूहळू, नव्यांना पहिल्यापासून. नगाचा रेट बंद केला, काम बघून एकरकमी आकडा सांगायचा, त्यात दोन करेक्शन, तिसऱ्यापासून वेगळे पैसे, आणि हे सगळं ईमेलवर. नऊमधले तीन सुटले. एकानं 'मोठा झालास' म्हणून टोमणा मारला. राहिलेल्या सहांनी काही विशेष मनावर घेतलंच नाही, त्यांना वाटत होतं एवढे दिवस मी स्वस्त का देतोय काय माहीत! घासाघीस करणारे असतातच, आपल्याकडं तर कुंदा घेताना पण करतात, तर तिथं एक गोष्ट शिकलो की रेट कमी करायचा नाही, काम कमी करायचं. असेंब्ली ड्रॉइंग नको असेल तर तेवढे कमी, बघा.

पैशाचं खातं वेगळं करायला मात्र चुलत बहिणीचं लग्न व्हावं लागलं. एकाच खात्यात सगळं, कोल्हापूरच्या पार्टीचा ॲडव्हान्स आलेला, तो हॉलच्या आणि केटररच्या बिलात कधी गेला कळलं नाही, आणि पुढच्या आठवड्यात सॉफ्टवेअर रिन्यू करायला मित्राकडून उसने. आता दोन खाती. धंद्याच्या खात्यातनं एक तारखेला स्वतःला ३०,००० पगार, त्याच्यावर एक रुपया हवा असेल तर पुढच्या एक तारखेपर्यंत थांबायचं. स्वतःच स्वतःला पगार द्यायला सुरुवातीला येडपटासारखं वाटतं. टीडीएस, म्हणजे गिऱ्हाईक बिलातनं आधीच टॅक्स कापून भरतं तो, मी आधी बुडालेलाच धरायचो, रिटर्न भरल्यावर टॅक्सातनं वजा होतो आणि जास्तीचा परत येतो हे सीए मॅडमनी दाखवलं तेव्हा मागच्या वर्षांचं आठवून जीव कळवळला.

दुसरं एक काम फुकटात होतं आणि आपली फ्रीलान्सर पोरं करत नाहीत, ते म्हणजे उद्यम रजिस्ट्रेशन, छोटा उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद. सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅन घेऊन बसायचं, एक पैसा लागत नाही, जो कोण दोन हजार मागेल त्याला चहा पाजून घरी पाठवा. आपली सेवा पण त्यात बसते, कारखानाच असायला पायजे असं नाही. छोट्या उद्योगांचे पैसे वेळेत मिळावेत म्हणून कायदा २००६ चा आहे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज. एवढं वाचून कोण घाबरत नव्हतं. खरं इन्कम टॅक्सवाल्यांनी मागनं मेख मारली, एप्रिल २०२४ पासून, की छोट्या उद्योगाचे पैसे वेळेत दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष देईपर्यंत धरताच येणार नाही. त्या आधीच्या मार्चमध्ये ज्या अकाउंटंटला मी सहा-सहा फोन करायचो त्याचाच मला फोन, "सर, तुमचं उद्यम सर्टिफिकेट आहे का?" सर! मी फोन कानापासून लांब धरून परत नंबर बघितला.

बॉर्डरवर धंदा करायची गंमत वेगळीच. हुबळीच्या पार्टीशी बोलायचं मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये, उद्यमबागला मराठी, बिल इंग्रजीत. कोल्हापूर तसं दोन-अडीच तासांवर, निम्म्या गावकऱ्यांच्या सोयरिकी तिकडं, खरं जीएसटीच्या कागदावर ते परराज्य. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवेला नंबर घ्यायची सक्ती नाही, परराज्यात दिली तरी, हे मला कळायला दोन वर्षं गेली, तोपर्यंत एक कोल्हापूरचं काम 'आम्हाला चालत नसेल' म्हणून सोडून दिलेलं. तिकडं जाताना टाकी मात्र इकडेच भरायची.

किर्लोस्कर रोडवरनं रोज जाणं होतं. लक्ष्मणराव मुंबईत ड्रॉइंग शिकवणारे मास्तर, बढती डावलली म्हणून नोकरी सोडून इथं आले आणि सायकलचं दुकान चालवलं. आमच्याच लाइनीतला माणूस म्हणून मला जरा जास्तच जवळचा वाटतो. लोखंडी नांगर केले तर शेतकरी म्हणाले जमीन विषारी होईल, माल तसाच पडून. भाषणात सगळे त्यांची जिद्द सांगतात. नांगर खपत नव्हते तेव्हा घरात तेल-मीठ कुठनं येत होतं ते कोण सांगत नाही. मला तर वाटतं सायकलचं दुकान होतं म्हणून निभावलं, पण ते आपलं माझं मत.

गेल्या महिन्यात मिस्त्रीकाकांचाच फोन. आता त्यांची पण बरीच कामं सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, कापून घेतात, त्याला थ्रीडी मॉडेल लागतं. पंपाचं केसिंग होतं. मी आकडा सांगितला साडेपाच हजार, आणि जीभ जरा अडखळली खरी, तरी म्हटलं, "काका, निम्मे आधी."

पलीकडं नुसता रंध्याचा आवाज. मग म्हणाले, "माझ्याकडनं पण?"

"हो."

"पाच कर."

"पाचात करतो, खरं सेक्शनचं ड्रॉइंग नाही मिळणार, नुसतं मॉडेल."

"नको तर नको, मॉडेलच दे," म्हणाले आणि फोन ठेवला. दहा मिनिटांनी खात्यात एक रुपया आला. मी कपाळाला हात लावला. मग लगेच दुसरा मेसेज वाजला, २,४९९.