उजवा कौल

मार्गशीर्ष, शनिवार, रात्री उशिरा

चार दिवस झाले, देवळातल्या गाऱ्हाण्याला दिलेला तो 'होय महाराजा' घशात अडकून बसलाय.

देवराईतला बेहडा पडला त्या दिवशी करवतीचा आवाज घरापर्यंत येत होता. आईने मागची खिडकी लावून घेतली आणि भात वैरला. झाड गेल्याचं वाईट वाटतंच, पण ते निराळं. मला छळतंय ते हे की देवळात सगळ्यांच्या आवाजात माझाही आवाज होता. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं.

कौल लावायला गुरवांनी पाषाणाला दोन्ही अंगांना फुलांचे ओले कळे लावले; ज्या अंगाचा आधी गळून पडेल तो देवाचा कौल. तात्यांनी गाऱ्हाणं घातलं, बा देवा महाराजा, तुझ्याच देवळाचं काम काढलंय, आड येतो तो बेहडा काढायला तुझी रजा असली तर उजवा दे. मी खांबाला टेकून मनातल्या मनात घोकत होतो, डावा पडू दे, डावा पडू दे. एरवी मी कौल मानत नाही म्हणतो. त्या अर्ध्या तासात त्या एका कळ्याइतकं मी दुसरं काहीच मानत नव्हतो.

उजवा पडला. "देवान उजवो दिल्यान!" मागोमाग 'होय महाराजा'. तोंडाने माझी वाट पाहिलीच नाही.

लहानपणी मी गिलोरीसाठी राईतून एक बेचकं उचलून आणलं होतं. वाळलेलं, खाली पडलेलं. आजीने ते हातात पाहिलं मात्र, "रायीतली काटकीसुद्धा घरात हाडूची नाय" म्हणाली आणि तिन्हीसांजेला मनगट धरून परत घेऊन गेली. जिथलं तिथे ठेवायला लावलं, नारळ फोडला. मी रडत होतो. ती भ्याली होती की तिला राग आला होता, हे मला तेव्हा कळलं नाही, अजूनही कळलेलं नाही.

पुढे वाचनात आलं की १९७० च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी आपल्या सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला होता, जुनं जंगल अशा राखलेल्या तुकड्यांत टिकून आहे हे लिहून ठेवलं होतं. तेव्हा आजीचा केवढा अभिमान वाटला! आमच्या भोवती सगळा उघडा कातळ, पावसाचं पाणी धावत खाली जातं. राईत मात्र मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली, पायाखाली हातभर पालापाचोळा, आणि झरा वैशाखापर्यंत वाहतो. आमची पोफळी त्या पाटावर जगते. हे काही कायद्याने राखलेलं नव्हतं, कोयता न्यायचा नाही एवढ्या एका भीतीने राखलं. बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून घ्यायची, नर बाहेरून फटीतून फळं भरवायचा. फाल्गुनात ती जोडी येईल आणि... नको ते आता.

मालवणजवळच्या आचऱ्याची गावपळण मी किती जणांना कौतुकाने सांगितली आहे. रामेश्वराचा कौल झाला की अख्खं गाव, मुसलमान घरंसुद्धा, गुरंकोंबड्या घेऊन तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहतं. एका होकारावर एवढी माणसं घर सोडतात, याचं मला अप्रूप होतं. तोच होकार आमच्याकडे बेहड्यावर पडला.

आज संध्याकाळी जरा शांतपणे बसलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. देवाला विचारलं काय होतं? झाड काढू का. देऊळ चार हात अलीकडे घेऊ का, असं कुणी विचारलंच नाही. जुनं छप्पर गळतं हे खरं, म्हाताऱ्या माणसांचे पाय घसरतात हेही खरं, मुंबईच्या मंडळींनी पैसे पाठवले तेही मनापासून. माझी वर्गणीही त्यात आहे. पण प्रश्न आम्ही घातला, आमच्या सोयीचा घातला. देव विचारलं तेवढ्याचंच उत्तर देतो. आणि विचारायच्या बैठकीला मी गेलो नव्हतो, पावसाचं निमित्त काढून घरी बसलो होतो.

हे कळल्यावर उलट हलकं वाटलं. मी या गावाचाच, माझा होकारही गावाचाच. तो काही उपटून टाकता येणार नाही, आणि टाकायचाही नाही. शिमग्याआधी बैठक बसेल. तात्यांच्या शेजारी जाऊन बसेन. म्हणेन, यंदा एक गाऱ्हाणं आणखी घाला: उरलेल्या राईला कोयता लागू नये, लागल्यास देवा तूच बघ. तात्या नाही म्हणणार नाहीत. झाड पडलं त्या रात्री ते जेवले नाहीत म्हणे.

येताना राईत डोकावलो. ओंडके गेले, ढलप्या तशाच पडून आहेत. चार दिवसांत चुलीसाठी एकही कुणी नेलेली नाही. परतताना चपलेला एक बारकी ढलपी चिकटून आलेली दिसली. वेशीच्या दगडाशी थांबलो, ती सोडवली, मागे जाऊन बुंध्याशी ठेवली आणि मग घरी आलो.