चौकुळच्या ओढ्याकाठी चतुर शोधताना

आंबोलीला पोहोचलो तेव्हा ऑक्टोबरचा पहिला आठवडा सरत आला होता. धबधब्यांखाली भिजायला येणारी गर्दी ओसरली होती आणि घाटातल्या वाहनांच्या रांगाही संपल्या होत्या. चतुर पाहायचे तर हेच दिवस उत्तम, कारण पाऊस मागे हटलेला असतो, पण ओढे, डबकी आणि भातखाचरे अजून भरलेली असतात, आणि या कीटकांना पाण्याइतकेच ऊन लागते. आकाश झाकोळले की ते झुडपात बसून राहतात.

लहानपणी चतुराच्या शेपटीला दोरा बांधून त्याला उडवण्याचे पाप मीही केले आहे. तेव्हा चतुर आणि टाचणी एवढी दोनच नावे ठाऊक होती, आणि प्राथमिक ओळखीला ती पुरतातही. बसल्यावर पंख दोन्ही बाजूंना पसरून ठेवतो तो चतुर, आणि बहुधा पाठीवर मिटून घेते ती टाचणी. काही टाचण्या मात्र पंख अर्धवट उघडे ठेवून चकवतात. अशा वेळी डोळे पाहावेत. टाचणीचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना, एकमेकांपासून दूर असतात, तर बहुतेक चतुरांचे डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात.

पहिल्या सकाळी रस्त्याकडेच्या एका डबक्यावर मी नवशिक्याची चूक केली आणि रंगाच्या मागे धावलो. लाल चतुर दिसला, त्याच्या मागे चिखल तुडवला, तीस-चाळीस छायाचित्रे काढली आणि वहीत ‘स्कार्लेट स्किमर’ असे ठोकून दिले. रात्री खोलीवर छायाचित्रे मोठी करून पाहिली, तेव्हा त्या लालीत जांभळट गुलाबी झाक होती आणि पंखांच्या शिरासुद्धा तांबड्या होत्या. स्कार्लेट स्किमरचा नर रक्तासारखा लालभडक असतो, त्याच्या पोटावरून मधोमध एक बारीक काळी रेघ जाते आणि त्याच्या पंखांच्या शिरा अशा रंगलेल्या नसतात. मी पाहिला होता तो ‘क्रिमसन मार्श ग्लायडर’. रंगावर भिस्त ठेवण्यात आणखीही एक गोची आहे. याच जातीची मादी पिवळसर असते आणि कोवळा नर बराचसा मादीसारखा दिसतो, त्यामुळे एकाच डबक्यावरची एकच जात वहीत सहज तीन नावांनी शिरू शकते.

दुसऱ्या दिवशी आंबोलीपासून आठ-दहा किलोमीटरवरच्या चौकुळला गेलो आणि पद्धत बदलली. भातखाचराच्या बांधावर नुसता बसून राहिलो. एक शेतकरी काका थोडा वेळ माझ्याकडे पाहत उभे राहिले आणि म्हणाले, “ह्ये बघूक इतक्या लांबसून इलास?” मी हो म्हटले. ते हसून पुढे गेले, पण जाताना खालच्या ओढ्याची वाट दाखवून गेले.

बांधावर बसल्यावर कळते की बरेचसे चतुर आपली काडी सोडत नाहीत. उडाला तरी मागे धावू नये. मिनिटभरात तो बहुधा त्याच टोकावर परत येतो. आपली सावली त्याच्यावर पडू न देता हळूहळू पुढे सरकावे. माझ्यापासून दोन हातांवर ‘ग्रीन मार्श हॉक’ बसला होता. हिरवट-पिवळ्या अंगावर काळे पट्टे, पोट मध्यभागी बारीक आणि बुडाशी फुगीर. त्याने एक टाचणी धरली होती आणि डोक्याकडून सुरुवात करून तो ती चघळत होता. जबडे आडवे हलत होते, आणि टाचणीचे पंख एकेक करून गळून पाण्यावर पडले. हा गडी आपल्या जातभाईंनाही सोडत नाही.

ओढ्यावर मात्र सारी दुनियाच वेगळी होती. सावलीतल्या झुडपांवर धातूसारख्या चमकदार हिरव्या अंगाच्या, पारदर्शक पंखांच्या मोठ्या टाचण्या ओळीने बसल्या होत्या. ही ‘फॉरेस्ट ग्लोरी’. हिच्या दोन जाती अंगावरून सारख्याच वाटतात. एकीच्या पंखांची टोके काळी असतात, दुसरीची स्वच्छ. एवढ्या एका खुणेसाठी गुडघाभर पाण्यात अर्धा तास उभे राहावे लागले आणि त्या बदल्यात दोन जळवा मिळाल्या. पुढे उन्हाच्या कवडशात एका दगडावर एक तपकिरी टाचणी दिसली. तिने पंख उघडले आणि मागच्या पंखांतून मोरपंखी हिरवा रंग असा लखलखला की कॅमेरा हातात असल्याचा विसर पडला. तो ‘स्ट्रीम ग्लोरी’चा नर होता. पंख मिटले की पुन्हा वाळके पान.

तिथेच एका गवताच्या काडीला एक रिकामे कातडे चिकटलेले होते. चतुराचे बालपण पाण्यात जाते आणि शेवटची कात टाकायला त्याची अळी अशी काडीवर चढून येते. पाठीवर उभी चीर पडलेली होती आणि तिच्यातून पांढरे धागे लोंबत होते. हे धागे म्हणजे श्वासनलिकांची अस्तरे, कातीबरोबर ओढली गेलेली. तोंडाखाली घडी घातलेला तो प्रसिद्ध खालचा ओठही शाबूत होता. भक्ष्य टप्प्यात आले की अळी हाच ओठ बाणासारखा पुढे फेकते. ती कात मी काडेपेटीत ठेवली.

याच गावाच्या नावाने ‘बर्मागोम्फस चौकुलेन्सिस’ हा चतुर २०२२ मध्ये शास्त्राला ज्ञात झाला. तो ज्या कुळातला आहे, त्यातल्या चतुरांचे डोळे टाचणीसारखे दूर असतात, म्हणजे माझा वर सांगितलेला नियम इथे कोलमडतो. मला तो दिसला नाही. दिसला असता तरी दुरून ओळखता आला असता असे वाटत नाही, कारण अशा जाती ओळखायला नराच्या शेपटीच्या टोकावरचे चिमटे पाहावे लागतात. मीलनाच्या वेळी नर त्यांनीच मादीचे डोके पकडतो आणि प्रत्येक जातीत त्यांची घडण निराळी असते. लष्करी डॉक्टर फ्रेझर यांनी १९३३ ते १९३६ या काळात या कीटकांवर तीन खंड लिहिले. तेव्हा नमुना पकडून हातात घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. आज वरून, बाजूने आणि शेपटीच्या टोकाचे अशी तीन छायाचित्रे नीट मिळाली, तर पुष्कळदा काम भागते.

संध्याकाळी सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, पिवळसर चतुरांचा थवा तरंगत होता. शेकडो असतील, पण बसायला एकही तयार नव्हता. हे ‘वाँडरिंग ग्लायडर’. मालदीव बेटांवर गोडे पाणी जवळजवळ नसतानाही दर ऑक्टोबरात हे चतुर तिथे येतात, याचा पाठपुरावा करून सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडले की ते भारताकडून निघतात आणि समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. अंधार पडेपर्यंत मी एकाचेही धड छायाचित्र काढू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तिथेच गेलो. कारवीच्या झुडपात ते एकेका फांदीला उभे लटकलेले होते, पंखांवर दवाचे थेंब जमलेले, आणि बोटभर अंतरावर गेलो तरी हलत नव्हते. ऊन पोहोचल्यावर त्यांचे पंख थरथरू लागले. कॅमेऱ्याची काच धुक्याने भरली होती. ती पुसून होईपर्यंत अर्धे झुडूप रिकामे झाले होते.