अधांतरी मुक्काम

तिकीट काढताना अकरा तास हा आकडा फारसा बोचत नाही. दोन ठळक उड्डाणांच्या मध्ये तो बारीक अक्षरांत अंग चोरून बसलेला असतो, आणि त्याच्यामुळेच तिकीट स्वस्त झालेले असल्यामुळे आपणही त्याच्याकडे काणाडोळाच करतो. त्याची खरी लांबी कळते ती मध्यरात्रीनंतर, दुकानांची शटरे खाली आल्यावर, दर दोन जागांमध्ये लोखंडी हात बसवलेल्या बाकावर आडवे होण्याची युक्ती शोधताना. कोणी आडवे होऊ नये म्हणूनच ते हात बसवतात, असा माझा जुना संशय आहे. त्या रात्री मी तो नाद सोडला, भिंतीकडेला शाल अंथरली, पाठपिशवीचा पट्टा घोट्याभोवती दोन वेढे देऊन अडकवला आणि जाकिटाच्या आतल्या खिशातला पासपोर्ट चाचपून पाहिला. तो जागेवर होता. दहा मिनिटांपूर्वीही होता.

पाकीट गेले तर माणसाचे पैसे जातात. पासपोर्ट गेला तर माणूसच अडकतो. पुढच्या विमानात कोणी बसू देत नाही, आणि बाहेर पडून आपल्या दूतावासात जावे म्हटले तर त्या बाहेर पडण्यालाच आधी पासपोर्ट लागतो. म्हणून माझी वाटणी ठरलेली आहे: पासपोर्ट आणि फोन अंगावर, बाकी सगळा संसार घोट्याला.

विमान बदलणारे प्रवासी जिथे थांबतात त्या भागाला लोक सर्रास ‘कोणाचीच नसलेली हद्द’ म्हणतात. मलाही पूर्वी तसेच वाटे, आणि त्या कल्पनेत थोडी गंमतही वाटे. प्रत्यक्षात ती जमीन त्या देशाचीच असते आणि तिथे कायदाही त्याच देशाचा चालतो. फक्त आपल्याला देशात घेतल्याची नोंद झालेली नसते. १९९२ साली पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावर आश्रय मागणाऱ्या चार सोमाली भावंडांना २० दिवस अडकवून ठेवले गेले, तेव्हा हवे तर ती माघारी जाऊ शकतात, म्हणजे ती कैदेत नाहीत, असा फ्रान्सचा युक्तिवाद होता. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १९९६ मध्ये तो अमान्य केला आणि नाव ‘आंतरराष्ट्रीय’ असले तरी हा भाग देशाच्या कायद्याबाहेर नाही, असे स्पष्ट केले. रात्री दोन वाजता पिशवी चोरीला गेली तर तक्रार कोणाकडे करायची, या माझ्या क्षुल्लक प्रश्नाचेही उत्तर त्यात मिळते: तिथल्याच पोलिसांकडे.

व्हिसाचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे असते. मला बाहेर पडायचेच नाही, मग व्हिसा कशाला, हा प्रश्न अगदी रास्त वाटतो. पण बाहेर पडायचे की नाही हे पुष्कळदा माणूस ठरवत नाही, त्याची बॅग ठरवते. दोन उड्डाणांची तिकिटे वेगवेगळी काढली असली की बॅग बहुधा शेवटपर्यंत जात नाही. ती मधल्या विमानतळावरच्या पट्ट्यावर येऊन फिरत बसते, आणि तो पट्टा सहसा इमिग्रेशनच्या पलीकडे असतो. बॅग देशात शिरली की तिच्यामागे मलाही शिरावे लागते, आणि शिरायचे तर व्हिसा हवा. म्हणून बॅगेला चिठ्ठी लावली जात असताना मी काउंटरवर वाकून तिच्यावरची तीन अक्षरे वाचते. ती शेवटच्या विमानतळाची असली की अर्धा जीव भांड्यात पडतो.

उरलेला अर्धा टांगणीलाच राहतो, कारण देशोदेशीचे नियम एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. अमेरिकेत तर परदेशातून येऊन परदेशीच जाणाऱ्यांसाठी वेगळा भाग राखून ठेवण्याची पद्धतच नाही. २००३ साली विनाव्हिसा ट्रान्झिटची सवलत बंद झाल्यापासून, ज्यांच्या देशाला व्हिसामाफी नाही अशा बहुतेकांना दोन तासांच्या थांब्यासाठीही व्हिसा लागतो. आपसांतल्या सीमांवरची तपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांच्या, म्हणजे शेंगेन गटातले दोन विमानतळ लागोपाठ आले, समजा फ्रँकफर्ट आणि मग पॅरिस, तर त्यांच्यामधले उड्डाण देशांतर्गत असल्यासारखे धरले जाते आणि हद्द फ्रँकफर्टलाच ओलांडावी लागते. शिवाय हे सारे काउंटरवरचा कर्मचारी निघण्याच्या ठिकाणीच तपासतो, कारण अपुऱ्या कागदांचा प्रवासी नेला तर परत आणण्याची जबाबदारी, आणि पुष्कळ देशांत दंडही, विमान कंपनीवर येतो. तो पडद्यावर ‘टायमॅटिक’ नावाची नियमांची जंत्री उघडतो, भुवया आक्रसतो, शेजारच्याला काहीतरी विचारतो, आणि तेवढ्या मिनिटभरात आपण निष्पाप असूनही अपराधी दिसू लागतो.

त्या रात्रीचे अकरा तास मुळात ठरलेलेच होते. त्याआधीच्या एका प्रवासात मात्र पुढचे विमानच रद्द झाले होते, आणि तो प्रसंग मनातून जात नाही. काउंटरवरच्या मुलीने आम्हा सर्वांचे पासपोर्ट गोळा केले आणि पत्ते वाटावेत तसे भराभर दोन गठ्ठे केले. एका गठ्ठ्यातल्यांना हॉटेलची कुपने मिळाली आणि ती मंडळी हसतखेळत बाहेरच्या बसकडे गेली. दुसऱ्या गठ्ठ्यातल्यांना विनाव्हिसा बाहेर पडता येत नसल्यामुळे पातळ ब्लँकेटे आणि पाण्याच्या बाटल्या मिळाल्या. तिकीट तेच, विमान तेच, भाडेही तेच. ती मुलगी अतिशय सौजन्याने वागली, त्यामुळे रागावण्याचीही सोय राहिली नाही. तेव्हापासून लांबचा थांबा असला की दोन दिवसांची औषधे, चार्जर आणि एक जोडी कपडे मी हातातल्या सामानातच ठेवते.

तर त्या भिंतीकडेच्या रात्री, तीनच्या सुमाराला, एक वयस्कर बाई माझ्याजवळ आल्या. आमची भाषा एक नव्हती. त्यांनी आपल्या निळ्या बॅगेकडे बोट केले, मग डोळ्यांकडे, मग स्वच्छतागृहाच्या पाटीकडे. बेवारस सामानाबद्दलची सूचना नेमकी त्याच वेळी वर ध्वनिवर्धकातून चालू होती, अनोळखी माणसाचे सामान सांभाळू नका हेही तीच सांगत होती, आणि ती योग्यच आहे. कोणाची वस्तू घेऊन पुढे जाणे मी कधीही करणार नाही, मग ती औषधाची पुडी का असेना. पण बसल्या जागेवरून पाच मिनिटे एका बॅगेकडे पाहत राहणे हे त्यातलेच मानायचे का, याचा निर्णय होण्याआधीच माझी मान होकारार्थी हलून गेली होती. त्या पाचाऐवजी बारा मिनिटांनी आल्या. ती बारा मिनिटे मी त्या बॅगेकडे जितक्या एकाग्रतेने आणि जितक्या संशयाने पाहिले, तितके माझ्या स्वतःच्या बॅगेकडेही कधी पाहिले नसेल.

आल्यावर त्या माझ्या शेजारीच भिंतीला टेकून बसल्या, माझे मिटणारे डोळे पाहून त्यांनी आपल्या छातीवर हात ठेवला आणि मला झोपण्याची खूण केली. मी घड्याळात गजर लावला, पासपोर्ट आणखी एकदा चाचपला आणि आडवी झाले. गजराने जाग आली तेव्हा त्या जपमाळ ओढत जाग्याच होत्या. पट्टा माझ्या घोट्याला तसाच होता. फक्त त्याचे मोकळे टोक आता त्यांच्या निळ्या बॅगेच्या मुठीतून ओवून घट्ट बांधलेले होते, आणि ती गाठ सोडवताना आम्हा दोघींची चांगलीच तारांबळ उडाली, कारण तोवर माझ्या गेटवरची रांग पुढे सरकू लागली होती.